स्वयंपूर्ण गाव : कोणासाठी पूर्ण?

१

मराठी मध्यमवर्गाच्या मनात एका लहानशा गावाचे चित्र फार दिवसांपासून घर करून आहे. गाव फार मोठे नको. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जाता यावे. बाजार असावा, शाळा असावी, दवाखाना असावा, जमल्यास वाचनालय आणि एखादे तळे असावे. माणसे एकमेकांना नावाने ओळखणारी असावीत. आणि मोठे शहर मात्र आवाक्यात असावे. सकाळी निघून संध्याकाळी परतता यावे. शहराचा लाभ हवा, जाच नको. गावाचा निवांतपणा हवा, गैरसोय नको. या चित्राला 'स्वयंपूर्ण' हे विशेषण लावले जाते आणि ते लावताच चित्राची चिकित्सा थांबते.

निवांत जगावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. दलित माणसालाही तसे वाटते. किंबहुना ज्याच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या निवांतपणा आलाच नाही, त्याला तो अधिकच वाटतो. प्रश्न वेगळा आहे. हे गाव शोधायला निघालेला माणूस कोण आहे, आणि त्याला गावात शिरताना काय विचारले जाणार आहे? 'येथे सगळे एकमेकांना ओळखतात' हे वाक्य एकासाठी दिलासा असते आणि दुसऱ्यासाठी धाक. कारण आपल्याकडे ओळख नावावर थांबत नाही. नावापाठोपाठ आडनाव येते, आडनावापाठोपाठ मूळ गाव येते आणि मूळ गावापाठोपाठ गावातली जागा येते : वेशीच्या आत की बाहेर.

प्रस्तुत लेखात या 'स्वयंपूर्ण गावा'ची तपासणी करावयाची आहे. प्रथम विचारात, मग साहित्यात आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनीवर. कल्पना कितीही रम्य असली तरी तिचा जमाखर्च कोणाच्या तरी वहीत लिहिलेला असतो. ती वही उघडल्याशिवाय कल्पनेचे मूल्य ठरत नाही.

२

खेडे स्वयंपूर्ण असते हा सिद्धान्त आपल्याकडे इंग्रज अंमलदारांनी रूढ केला. चार्ल्स मेटकाफ याने १८३० च्या आपल्या टिपणात हिंदुस्थानातील खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. राज्ये येतात, जातात. खेडे मात्र आपल्या गरजा आपणच भागवीत टिकून राहते, असा त्याचा सूर होता. हा सूर पुढे राष्ट्रवादी मंडळींनी उचलला. साहेबाने केलेली स्तुती त्यांना परंपरेचा पुरावा वाटली.

खेडे आपल्या गरजा भागवीत होते म्हणजे नेमके काय होत होते, याचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात मिळते. आत्रे महसूल खात्यातले. त्यांची दृष्टी आपली नव्हे; पण त्यांनी कुणबी, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांचे देणेघेणे नोंदविले आणि गाडा कसा चालतो, कोठे कुरकुरतो हे दाखविले. गंमत अशी की, ज्या ग्रंथात गावाच्या दोषांची एवढी चर्चा आहे, त्याचे नाव पुढच्या पिढ्यांनी हरवलेल्या सुखाची आठवण म्हणून घेतले. गाड्याची चाके पाहिली. जोखडाला जुंपलेली मान कोणी पाहिली नाही.

स्वयंपूर्णतेचे अर्थशास्त्र साधे आहे. गावाला निरोप्या हवा, सांगावा घेऊन जाणारा हवा, मेलेले जनावर ओढणारा हवा, सरकारी कामगाराचा घोडा धरणारा हवा, मर्तिकाची बातमी परगावी पोहोचविणारा हवा. यातल्या प्रत्येक कामाला पैसे मोजावे लागले असते तर गावाची स्वयंपूर्णता एका हंगामात उघडी पडली असती. ती टिकली, कारण ही कामे जातीच्या खाती लिहिली होती आणि मोबदला म्हणून खळ्यावरचा वाटा व शिळी भाकरी दिली जात होती. तेव्हा स्वयंपूर्ण गाव म्हणजे वेठीवर पूर्ण झालेले गाव. ज्यांच्या जोरावर ते पूर्ण झाले, त्यांना त्याच गावाने कुसाबाहेर ठेवले.

महात्मा गांधींनी खेड्याची कल्पना नैतिक पातळीवर नेली. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहावयास गेले. त्या खेड्याचे नाव शेगाव. आपल्या जिल्ह्यातील गजानन महाराजांचे शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचे, नावाजलेले; त्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला आणि १९४० मध्ये गांधींच्या शेगावचे नाव सेवाग्राम झाले. या लहानशा घटनेत मोठा अर्थ आहे. आदर्श खेडेदेखील टपालावर आणि रेल्वेवर अवलंबून होते. वर्धा हाकेच्या अंतरावर होते, नागपूर आवाक्यात होते. स्वयंपूर्णतेचा प्रयोग शहराच्या सावलीतच उभा होता, आणि त्या प्रयोगात शिरण्यासाठी कोणी आडनाव विचारीत नव्हते हा गांधींच्या वैयक्तिक अधिकाराचा प्रताप होता. तो अधिकार बाकीच्या लाखो खेड्यांजवळ नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या साऱ्या खेडेभक्तीचा स्पष्ट शब्दांत समाचार घेतला. मेटकाफचा दाखला त्यांनी तेथेच तपासला. खेडे टिकून राहिले हे खरे, पण नुसते टिकून राहण्याला काय किंमत, असा त्यांचा प्रश्न होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असलेल्या खेड्याला घटनेचा पाया न मानता व्यक्तीला पाया मानले, याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. आपल्या विषयाची गुरुकिल्ली येथे आहे. गाव पूर्ण आहे की नाही हे गावाला विचारावयाचे नसते. त्या गावातल्या सर्वांत अडलेल्या व्यक्तीला विचारावयाचे असते.

३

आता साहित्याकडे वळू.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही मराठीतील एक प्रामाणिक कादंबरी आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या छोट्या वाडीत येतो आणि हळूहळू वाडीचा होतो. माडगूळकर वाडीला सजवीत नाहीत. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. म्हणजे जी वस्ती आपल्यापुरती पूर्ण वाटत होती, ती पावसाच्या एका फेऱ्याने रिकामी होते. स्वयंपूर्णतेच्या दंतकथेवर याहून चांगले भाष्य कोणत्याही वैचारिक ग्रंथात नसेल. तथापि, बाहेरून येणाऱ्या माणसाला वस्ती आपलेसे करते, हा कादंबरीचा गाभा मराठी वाचकाला विशेष आवडला. सगळ्याच माणसांना सगळ्याच वस्त्या असे आपलेसे करतात काय, हा प्रश्न त्या आवडीत बुडून गेला.

त्याचे उत्तर बाबूराव बागुलांनी १९६३ मध्ये दिले. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायकही नोकरीसाठी परक्या गावी येतो. ठिकाण उधना, सुरतेला लागून असलेले, रेल्वेचे, कारखान्यांचे गाव. म्हणजे आजच्या जाहिरातीच्या भाषेत शहराच्या आवाक्यातले लहान गाव. काम आहे, पगार आहे, राहावयाला खोली मिळते, कवितेचे कौतुक करणारा सोबतीही मिळतो. फक्त एक गोष्ट सांगावयाची राहिलेली असते. ती उघड होताच खोली, सोबत, कौतुक सारे संपते आणि मार उरतो. हे खेडे नव्हे, ही आधुनिक वस्ती आहे. यंत्राच्या भोवती वसलेली. बागुलांचे मोठेपण असे की, त्यांनी अस्पृश्यतेला खेड्याच्या चौकटीतून बाहेर काढले आणि ती रेल्वेच्या डब्यातून किती सहज प्रवास करते हे दाखविले. उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून निघणारी गाडी जळगावला येते. पुढे भुसावळ आणि मग आपले मलकापूर. या रुळांवर असे किती नायक उतरले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

बागुलांची कथा कल्पित म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी बाबासाहेबांचे अनुभव आहेत. १९१७ मध्ये विलायतेहून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास घर मिळाले नाही. पारशी सराईत त्यांना पारशी नावाने राहावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९२९ मध्ये चाळीसगावला सरकारी समितीचे सभासद म्हणून ते आले, तर टांगेवाल्याने टांगा हाकण्यास नकार दिला. बडोदा संस्थानची राजधानी, चाळीसगाव रेल्वेचे जंक्शन. दोन्ही ठिकाणी बाजार होता, शाळा होत्या, दवाखाना होता. स्वयंपूर्णतेच्या यादीत जे जे असते ते सारे होते.

आपल्या जिल्ह्यात मेहकरला राहून ना. घ. देशपांडे यांनी 'शीळ' (१९५४) पासून 'खूणगाठी'पर्यंत कविता लिहिली. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या गावी वकिली करीत राहून अखिल मराठीचे कवी होता येते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांच्या गीतांतील गोडव्याशी माझे भांडण नाही. परंतु त्या कवितेतले मोकळे रान आणि त्याच रानात मजुरीला जाणारी बाई यांची कवितेत भेट होत नाही. हा एका कवीचा दोष म्हणून सांगत नाही. तो त्या काव्यदृष्टीचा स्वभाव आहे. रान ज्याचे नाही त्याला ते मोकळे दिसत नाही.

दलित साहित्याने ही उणीव भरून काढली, पण अर्धीच. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) पाहा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला मुंबईचा कावाखाना. आपल्या आत्मकथनांचा लंबक बहुधा या दोन टोकांतच हलतो : महारवाडा आणि महानगर. मधले तालुक्याचे गाव येते ते एस. टी. स्टँडपुरते, वसतिगृहापुरते. वास्तविक पहिल्या पिढीतला पदवीधर आज याच मधल्या गावात राहतो. तो शिक्षक आहे, बँकेत आहे, पंचायत समितीत आहे. त्याची मुले तेथेच शाळेत जातात. त्याच्या जगण्याचे साहित्य अजून पुरेसे झालेले नाही. माझ्या मते आजच्या दलित साहित्यापुढचे हे एक निश्चित काम आहे.

४

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार. त्यातले नागरी वस्तीत राहणारे सुमारे २१ टक्के. अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के. मोठे शहर जिल्ह्यात एकही नाही. जी आहेत ती सारी लहान, आपापल्या परीने पूर्ण वाटणारी गावे. परंतु यातले एकही गाव आपोआप पूर्ण झालेले नाही.

खामगाव कापसाने घडविले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१-६५), तेथून लँकेशायरला जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. मुख्य रेल्वेमार्ग खामगावला चुकवून गेला होता, म्हणून जलंबपासून तेरा-एक किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याचे उद्घाटन करावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्याच काळात गिरणीचे कापड खेडोपाडी पोहोचले आणि जाडेभरडे कापड विणणाऱ्या वऱ्हाडातल्या महारांचा माग बसला. म्हणजे एकाच रेल्वेने आपला धंदा नेला आणि रोजगार आणला. पण या नव्या रोजगारात एक गुण होता. मजुरी रोकडीत होती. रोकड हातात आली की खळ्यावर उभे राहण्याची गरज संपते. आपल्या चळवळीच्या इतिहासात या रोकडीचे महत्त्व कमी लेखू नये.

बुलढाणा कचेरीने घडविले. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरची थंड हवा इंग्रजांना मानवली, म्हणून जिल्ह्याचे ठाणे तेथे झाले. रेल्वे नाही, मलकापूर स्टेशन पंचेचाळीसेक किलोमीटरवर. मोठा कारखाना नाही. गाव जगते ते पगारावर. अशा गावात दलित माणसाला दरवाजा उघडला तो राखीव जागांनी. कापसाच्या बाजारपेठेत भांडवल नसलेल्याला अडत्याची गादी मिळत नाही. कचेरीत मात्र घटनेने दिलेली खुर्ची मिळू शकते. आता ही पदे कंत्राटी होऊ लागली आहेत. कंत्राटात आरक्षण पातळ होते. गाव तेवढेच, हवा तीच, तळे तेच. पण आपल्यासाठी गाव हळूहळू बंद होते आहे. निवांत गावाच्या शोधात असलेल्याला हे दिसणार नाही, कारण दरवाजा बंद होण्याचा आवाज आतल्या बाजूला येत नाही.

घराचा प्रश्न तर अजून तेथेच आहे. नोकरीनिमित्त जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी भाड्याचे घर पाहत हिंडलो. घरमालक सौजन्याने बोलत. प्राध्यापक म्हटल्यावर खुर्ची देत, चहा विचारीत. मग आडनाव विचारीत. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून पुरता उलगडा होत नसे, म्हणून "मूळचे कुठले तुम्ही?" हा पुढचा प्रश्न येई. उत्तर ऐकल्यावर कोणी अपशब्द काढला नाही. कोणाचा पुतण्या अचानक राहावयास येणार असे, कोणाची डागडुजी निघे. शेवटी घर मिळाले ते आपल्याच वस्तीत. पुष्कळ सहकाऱ्यांची हीच कथा आहे, म्हणून ती येथे नोंदवितो. दुःख सांगण्यासाठी नव्हे. तालुक्याच्या गावात कुस नाही. पण भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर ही नावे कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे. नावे आपण अभिमानाने दिली. दिशा मात्र आपण निवडलेली नाही.

आणि तरीही तालुक्याचे गाव खेड्याहून बरे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. तेथे हॉटेलात चहा पिताना कप वेगळा ठेवलेला नसतो. तेथे स्टँड आहे. स्टँड ही फार मोठी संस्था आहे. जाता येते, ही जाणीवच माणसाला ताठ करते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाडा आणि भोवतालच्या जिल्ह्यांतल्या मुलांसाठी मोठे शहर प्रथमच खऱ्या अर्थाने आवाक्यात आले. बुलढाण्याहून ते दीडेकशे किलोमीटर. प्राचार्य म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांनी नागसेनवनात साहित्याची जी चर्चा पेटविली, तिची ऊब या जिल्ह्यातल्या खोल्याखोल्यांत पोहोचली. शहर जवळ असणे म्हणजे खरेदीला जवळ असणे नव्हे. अन्याय झाला तर जेथे जाता येईल, विचार करावयाचा तर जेथे सोबती मिळतील, असे ठिकाण जवळ असणे.

५

आता पुन्हा एकदा नवे गाव वसविण्याची भाषा सुरू झाली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला; ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो. त्याच्या कडेने कृषी समृद्धी नवनगरे वसविण्याची योजना आखली गेली. आपल्या जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यातील सावरगाव माळ आणि मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा हे परिसर त्यासाठी योजले गेले. शेतीमालावर प्रक्रिया, गोदामे, घरे, शाळा, दवाखाने. सारे एकाच ठिकाणी आणि मोठे शहर काही तासांवर. लहानशा स्वयंपूर्ण गावाचे ते जुने चित्र सरकारी आराखड्यात उतरले आहे.

या चित्राचा एक पूर्वज इंग्लंडात आहे. एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली. सुमारे ३२ हजार वस्तीचे, भोवती शेते असलेले, रेल्वेने मोठ्या शहराशी जोडलेले नगर. १९०३ मध्ये लेचवर्थ येथे त्याचा प्रारंभ झाला. जगभर त्याची नक्कल झाली. पण बहुतेकांनी बागा घेतल्या आणि मुख्य मुद्दा सोडून दिला. हॉवर्डचा मुख्य मुद्दा असा होता की, नगराची जमीन कोणा एकाची नसावी. ती सर्वांच्या वतीने धारण केली जावी आणि वस्ती वाढल्याने जमिनीची जी किंमत वाढेल ती वस्तीलाच मिळावी.

आपल्या नवनगरांत जमीन एकत्र करण्याची जी पद्धत ठरविली, तिच्यात जमीन देणाऱ्याला विकसित भूखंडाचा वाटा परत मिळावयाचा आहे. वाटा सातबाऱ्याप्रमाणे. मग ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचा वाटा कोठे? त्याच शेतात राबणारी मजूर बाई, गायरानावर दोन पिढ्या पेरणी करूनही ज्याची नोंद झाली नाही तो माणूस, यांना नव्या नगरात काय मिळणार? १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तो याच प्रश्नासाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ मध्ये काढला. पण कागद आणि वहिवाट यांच्यामधले अंतर अद्याप अनेकांना पार करता आलेले नाही. ज्यांना ते पार करता आले नाही, त्यांच्यासाठी नवनगर हा जुन्या गावकुसाचा नवा नकाशा ठरेल.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. नवे गाव वसविण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत दलितांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी पडीक सरकारी जमिनीवर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसविण्यासाठी वसाहत आयोग मागितला आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असे मांडले. म्हणजे हॉवर्डने जमिनीचा जो मुद्दा मांडला होता, त्याच्याही पुढे बाबासाहेब गेले होते. त्यांनी गावाचा आराखडा काढला नाही. तळे कोठे, बाजार कोठे हे सांगितले नाही. त्यांनी प्रथम जमीन कोणाची हे विचारले. वस्तीचा विचार येथून सुरू होतो.

म्हणून लहान गावाचे मूल्यमापन करताना आपण आपल्या कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली : त्या गावात कोणत्याही आडनावाच्या माणसाला कोणत्याही आळीत भाड्याने घर मिळते काय? दुसरी : तेथे जात न विचारता मिळणारे आणि रोकडीत मोबदला देणारे काम आहे काय? तिसरी : गाव वाढले तर वाढलेल्या किमतीचा वाटा भूमिहीनाला मिळतो काय? चौथी : तेथून बाहेर पडण्याचा रस्ता खुला आहे काय, आणि त्या रस्त्याच्या टोकाला आपले सोबती आहेत काय? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर गावात तळे नसले तरी चालेल.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. आपल्या तालुक्याच्या गावाचा नकाशा काढा. कोणती वस्ती कोठे आहे, नळ कोठे संपतो, डांबर कोठे संपते, बाजारातली किती दुकाने कोणाच्या मालकीची आहेत, भाड्याची घरे कोणाला मिळतात, हे घरोघर जाऊन लिहा. कार्यकर्त्यांना तो नकाशा मोर्च्यात कामाला येईल आणि लेखकांना कादंबरीत. मराठी साहित्याने खेडे पाहिले आहे आणि मुंबईही पाहिली आहे. या दोहोंमधले, स्वतःला पूर्ण समजणारे आणि आपल्याला अर्धेच आत घेणारे गाव अजून लिहिले जावयाचे आहे. ते आपण लिहिले नाही तर दुसरे कोणीतरी त्याची जाहिरात लिहील.